काकडी ताटलीतून ग्लासात

आमच्याकडच्या परमिट रूममध्ये काकडीची जागा ठरलेली असते. स्टीलची ताटली, शेजारी कांद्याच्या चकत्या, वरून तिखट-मीठ भुरभुरलेलं. गिऱ्हाईक बसलं की ती सगळ्यांत आधी टेबलावर येते आणि गिऱ्हाईक उठलं तरी तिच्या एकदोन चकत्या ताटलीत उरलेल्याच असतात. तिची कोणी तारीफ करत नाही आणि तक्रारही करत नाही. मी उभी हयात बारमन म्हणून काढली, ती ताटली किती वेळा मांडली त्याचा हिशोब नाही. ही काकडी एक दिवस माझी नोकरी वाचवेल असं कोणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याला म्हणालो असतो, ‘भाऊ, आजच्यापुरतं पुरे झालं तुमचं.’

बारमन म्हटलं की लोकांना वाटतं, बाटल्या उघडणारा माणूस. आमच्या गावी, कोंढ्यात, तर तेही कोणी स्पष्ट म्हणत नसे. ‘सुधाकर हॉटेल लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगायचे आणि विषय धानावर, भाताच्या पिकावर, न्यायचे. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण हे काम काय असतं ते एकदा सांगून टाकावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

माझी सुरुवात तुमसरला झाली. स्टँडजवळचा साधा बार, चार टेबलं, भिंतीला टेकवलेला एक कूलर. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतली माणसं पाळी सुटली की गाडीनं यायची. त्यांत एक मुकादम होते, भलते अबोल. आले की दारू मागायचे नाहीत. आधी बर्फ घातलेला पाण्याचा ग्लास मागायचे, तो दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांवर धरायचे आणि तसेच बसून राहायचे. दिवसभर जमिनीखाली काढून वर आलं की उन्हात डोळे जळतात म्हणे. मग ग्लास खाली ठेवून म्हणायचे, ‘हां, आता आण.’ मी नवखा होतो. मला वाटायचं, माणूस बारमध्ये नशेसाठी येतो. मुकादमांनी न बोलता शिकवलं, की निदान आमच्या उन्हाळ्यात तरी माणूस आधी थंडाव्यासाठी येतो. बाकीचं सगळं त्यानंतर.

तिथून नागपूरला गेलो, मोठ्या हॉटेलात. तिथं पिल्ले नावाचे हेड बारमन होते. त्यांनी मला शेकर हातात दिला आणि म्हणाले, ‘हात कोणीही हलवतो, तू कान लाव.’ शेकरमध्ये बर्फ घालून हलवायला लागलं की आधी खडखड असा कोरडा आवाज येतो. मग बर्फाचे कोपरे झिजतात, थोडं पाणी सुटतं आणि आवाज भरीव होतो. नेमकं तिथं थांबायचं. आधी थांबलं तर पेय कोमट आणि तिखट, नंतर थांबलं तर पाणचट. दारू कितीही महाग असली तरी हे गणित चुकलं की ती मोरीत ओतायच्या लायकीची. हे शिकायला मला फार वेळ लागला, आणि पिल्लेसाहेबांनी माझी पुष्कळ पेयं मोरीत ओतली.

त्या हॉटेलात जिनचा खप बेताचाच. जिन पाण्यासारखी दिसते, त्यामुळे ती मागणाऱ्याला बहुतेक वेळा काहीतरी लपवायचं असे. एका लग्नाच्या पार्टीत एक तरुण हळूच काउंटरपाशी येऊन म्हणाला, ‘अंकल, बाबुजी बाजूच्याच टेबलावर बसून आहेत. पाणी दिसलं पाहिजे.’ मी जिन दिली. थोड्या वेळानं त्याचे बाबुजी स्वतः उठून आले. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पोरगा जे पाणी पिऊन राहिला ना, तेच मलेही दे. पण त्याच्या ग्लासात बर्फ जास्ती टाक जी, त्याले लवकर चढते.’ त्या रात्री बापलेक पाठीला पाठ लावून बसले आणि दोघांनीही एकमेकांना ‘पाणी पुरे आता’ असं बजावलं. बारमननं असल्या गोष्टी पोटात ठेवायच्या असतात. आता ते दोघंही नातवंडांत रमले असतील, म्हणून सांगतो.

इतकी वर्षं नागपुरात एका खोलीत एकटाच राहिलो. घरची शेती, म्हातारे आईवडील, मुलं, सगळं कोंढ्यात निर्मलानं, माझ्या बायकोनं ओढलं. मी महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा जायचो. म्हणून पवनीजवळ जंगलाच्या गेटाला लागून नवं रिसॉर्ट निघालं आणि त्यांना बारमन हवा आहे असं कळलं, तेव्हा पगार कमी असूनही मी धावत गेलो. घरापासून मोटारसायकलीवर जाण्याइतकं अंतर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी रोज घरचं जेवत होतो. सकाळी वाडीत, म्हणजे घरामागच्या बागेत, निर्मलाबरोबर चहा प्यायचो. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं? त्या चहासाठी मी कितीही बाटल्या पुसल्या असत्या.

रिसॉर्टचे मालक मोहाडीचे धानाचे व्यापारी. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण वर्ज्य, आणि पंचांग पाहिल्याशिवाय ट्रकसुद्धा हलवायचे नाहीत. जंगलालगतची जमीन त्यांच्याकडे होती, तिच्यावर मुलाच्या हट्टापायी हे बांधकाम झालं. मुलगा वर्षभरात पुण्याच्या नोकरीत रमला आणि बार शेठजींच्या गळ्यात पडला. काउंटरसमोरून जाताना ते मान वळवून जायचे. मला कधी घालून-पाडून बोलले नाहीत. पण एका मार्चमध्ये त्यांनी मला बोलावलं आणि सरळ विषय काढला.

‘सुधाकर, उन्हाळ्याचे पाव्हणे काय पितात?’

‘बियरच जास्ती, शेठजी.’

‘ते कोठून निघते?’

‘फ्रिजमधून.’

‘मंग फ्रिजचं दार उघडाले माणूस कायले पायजे? ते तर वेटरही उघडते.’

शेठजींचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडे वाघ बघायला लोक येतात ते ऐन उन्हाळ्यात, कारण तेव्हा पाणवठे आटतात आणि वाघ पाण्यावर येतो. बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात धूळ खाऊन जिप्सीतून उतरलेला माणूस कॉकटेलचं कार्ड वाचत बसत नाही. त्याला बियर हवी असते, आणि ती बाटलीतच असते. शेठजींनी सांगून टाकलं की हा मोसम बघू. काउंटरची गरज दिसली नाही तर जूनमध्ये तो तोडून तिथं बांबूच्या वस्तूंचं दुकान टाकू. ‘तुह्यावर राग नाई, बाप्पा,’ असंही म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं, राग निवतो तरी.

मी घरी काही बोललो नाही. पण तोंडावर दिसलं असावं. सकाळी वाडीत चहा पिताना निर्मलानं विचारलं, ‘काहून जी, चहा गोड नाई का?’ तेव्हा सगळं सांगितलं. नागपूरला परत जायचं म्हटलं तर माझ्या वयाच्या बारमनला कोण घेतं? तिथं आता दाढी कोरलेली तरुण पोरं बाटल्या हवेत उडवतात. तिनं उठून मांडवावरची एक काकडी तोडली, टोक कापून त्याच कापावर गोल गोल घासलं, पांढरा फेस पुसला, आणि अर्धी मला देऊन म्हणाली, ‘आधी खा. डोकं थंड झालं का सुचते माणसाले.’

खरं सांगतो, त्या घासात सुचलं. मी इतकी वर्षं लोकांना थंडावा दारूत शोधून देत होतो, आणि तो ताटलीत पडून होता.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी जे केलं त्यावर आमचा स्वयंपाकी अजून हसतो. पहिल्यांदा काकडी मिक्सरमधून काढली. वर हिरवा फेस आला आणि चव थेट दही नसलेल्या कोशिंबिरीची. मग साल काढून पाहिली, तर रंग गेला आणि वासही गेला. काकडीचा वास सालीतच असतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं. किसून पिळली, तर उन्हानं तिचं पाणी चव बदलायला लागलं. शेवटी जमलं ते सगळ्यांत साधं होतं. सालीसकट चार-पाच जाड चकत्या, थोडा साखरेचा पाक, अर्ध्या लिंबाचा रस. लाकडी दांड्यानं चेपायचं, कुटायचं नाही. पाणी सुटलं पाहिजे, लगदा होता कामा नये. पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून एक टाळी मारायची, म्हणजे वास जागा होतो आणि पान तुरट होत नाही. त्यावर साठ मिली जिन, भरपूर बर्फ, आणि आवाज भरीव होईपर्यंत शेक. गाळून उंच ग्लासात, वर सोडा, चिमटीभर काळं मीठ. शेवटी सोलाण्यानं काढलेली काकडीची एक लांब पट्टी ग्लासाच्या आतून गुंडाळून.

बर्फाच्या बाबतीत मात्र मी तडजोड केली नाही. फ्रिजमधले पोकळ तुकडे आमच्या उन्हात बघता बघता विरघळतात. पवनीहून बर्फाची लादी आणायचो, धानाच्या भुशात आणि बारदान्यात गुंडाळून, आणि स्वतः फोडायचो. मोठा खडा हळू वितळतो. एवढ्या एका गोष्टीवर अर्धं पेय अवलंबून असतं.

पहिला ग्लास गेला तो एका रागावलेल्या बाईंना. सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या सफाऱ्या झाल्या होत्या आणि वाघानं शेपूटही दाखवली नव्हती. पापण्यांवर लाल धूळ. गाईडला, ड्रायव्हरला आणि जंगलाला बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘थंड काय आहे? आणि बियर सांगू नका.’ मी तो काकडीचा ग्लास बनवून पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला. मग ग्लास गालाला लावला, पुन्हा एक घोट घेतला, आणि खुर्चीत मागे टेकल्या. ‘काय आहे हे?’ म्हणाल्या. नाव ठेवलं नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं, ‘कोंढा कूलर.’ त्या रात्री त्यांनी वाघाचा विषय काढला नाही. सकाळी निघताना ग्लासाचा फोटो काढून घेऊन गेल्या.

मग आठवडाभरात पाहुणे यायच्या आधीच विचारायला लागले, तो काकडीवाला मिळतो ना? मॅनेजर पराग, नागपूरचा चुणचुणीत पोरगा, त्यानं ते कार्डावर सगळ्यांत वर घातलं. निर्मलाची वाडी कमी पडायला लागली, तिनं शेजारणीच्या वेलींवरच्या काकड्याही ठरवून घेतल्या. शेठजींना ही बातमी पोचली होती. पण ते दारू चाखणार कसे? त्यांच्या लेखी विकली जात होती ती जिन, सुधाकर नव्हे. परागला म्हणाले, ‘जिनही बाटलीतच येते ना?’

तेवढ्यात मुंबईहून फोन आला. एक सहल कंपनी पुढच्या मोसमाला आपले पाहुणे आमच्याकडे पाठवायचं ठरवत होती. त्यांची आठ माणसं आधी स्वतः येऊन राहणार, बघणार, खाणार-पिणार. त्यांच्या प्रमुख नाडकर्णी मॅडमनी फोनवर काकडीच्या त्या ड्रिंकचं नाव घेऊन विचारलं. शेठजींनी मला ऐकवलं, ‘येऊ दे. त्याईनं बार पायजे म्हटलं तर बार राहीन. नाई म्हटलं तर मी मोकळा.’ तारीख त्यांनी जातीनं काढली. पंचांग उघडलं, दिवस शुद्ध, योग चांगला, राहुकाळही टळला. ‘उत्तम दिवस आहे,’ म्हणाले आणि कळवून टाकलं.

पंचांगात सगळं असतं. फक्त निवडणुकीची दारूबंदी नसते.

आमच्या भागात मतदान ऐन उन्हाळ्यात येतं. गावोगाव भोंगे फिरत होते, मतदानाची तारीख लहान पोरांनाही पाठ होती. पण मतदानाच्या आधी बार बंद ठेवावे लागतात, हे शेठजींच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. आणि आम्ही नोकर मंडळींनी शेठजींनी काढलेल्या मुहूर्ताकडे कधी शंकेनं पाहिलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी नागपूर विमानतळावरून निघाली असेल तेव्हा इकडे उत्पादन शुल्क खात्याचा माणूस आला, कपाटाला कुलूप घालून वर लाखेचं सील मारलं, सही घेतली आणि चहा पिऊन गेला.

पराग पांढराफटक पडला. ‘काका, एक बाटली किचनमध्ये राहिली आहे,’ तो कुजबुजला. ‘आठ ग्लासांचा तर प्रश्न आहे. कोणाले कळते?’

‘मले कळते ना,’ मी म्हणालो. ‘ती बाटली आधी त्या माणसाच्या मागं धावत जाऊन सीलात टाकून ये.’ गेला बिचारा. मी फार सज्जन आहे अशातला भाग नाही. पण लायसन्स गेलं तर काउंटर जूनपर्यंतही टिकला नसता.

शेठजी दुपारी आले. त्यांना सांगितल्यावर कपाळावर हात मारून खुर्चीत बसले. ‘अरे बाप्पा! माह्याच हातानं झालं,’ म्हणाले. मग थोड्या वेळानं, जरा हलकं वाटून, ‘पाह्य, देवाचीच मर्जी दिसते. त्याईले साधं निंबूपाणी दे आणि सोड.’

निंबूपाणी दिलं की संपलं. पाहुणे म्हणतील छान होतं, जंगल बघतील आणि जातील, आणि जूनमध्ये मी नागपूरची गाडी धरीन. मी म्हणालो, ‘शेठजी, संध्याकाळपर्यंत वेळ द्या. जिन नाई, पण निंबूपाणीही नाई.’

आता इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. जिनमध्ये नशा असते ते सगळ्यांना माहीत आहे. पण तिची चव येते ती एका परदेशी झुडपाच्या फळांची, त्याबरोबर धणे, लिंबाची साल, कधी वेलची. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक कडवटपणा असतो. तोच खरा कारागीर. गोड सरबत माणूस एक ग्लास पितो, तृप्त होतो, थांबतो. जिभेच्या मागं किंचित कडू राहिलं, की ती पुढचा घोट मागते. मला धणे मिळणार होते, वेलची मिळणार होती, लिंबं होती. कडवटपणा कुठून आणायचा? कारलं घातलं तर कारलंच लागलं असतं.

मी घरी फोन लावला. ‘निर्मला, वाडीत किती काकड्या आहेत?’

‘आहेत चांगल्या टोपलीभर. पण ऊन लई झालं जी, देठाकडं कडू निंगून राहिल्या. मी देठं कापून, घासून पाठवतो.’

बायकांनी देखील ‘पाठवतो’ म्हणावं ही आमच्याकडची रीत. पण मला रीत ऐकू आली नाही, मला ऐकू आलं ‘कडू’.

‘कापू नोको!’ मी ओरडलोच. ‘देठं राहू दे. तेच पायजे मले.’

‘पाव्हण्याले कडू चारता काय?’ ती चिडली. ‘इज्जत घालवता काय माज्या वाडीची? मी सोताच घेऊन येतो, पाह्यतो तुमी काय करून राहिले ते.’

मी तोवर धणे खलबत्त्यात ठेचून, वेलची आणि दोन-चार मिरे घालून पाण्यात उकळत ठेवले. लिंबाची फक्त पिवळी साल किसून त्यात टाकली, पांढरा भाग येऊ दिला नाही. गाळून बर्फात गार केलं. निर्मला टोपली घेऊन शेजारच्या पोराच्या गाडीवर आली, आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. बारमध्ये ती कधी आलीच नव्हती. मी इतकी वर्षं जिथं राबलो ती जागा तिनं पाहिलेली नव्हती, कारण बाईमाणसानं बारमध्ये जायचं नसतं असं आम्ही दोघांनीही न बोलता धरून ठेवलं होतं.

मी एकेक देठ चाखून पाहिलं. फार कडू असेल ती काकडीच बाजूला, तशी पोटाला बरी नसते. ज्यांत नुसता कडवटपणाचा स्पर्श होता, त्यांची देठाजवळची एकेक पातळ चकती मी बाकीच्या गोड चकत्यांत मिसळली. आयुष्यभर जे घासून, फेस काढून फेकून दिलं, ते मी त्या संध्याकाळी जपून मोजत होतो. चेपलं, धण्याचं पाणी घातलं, पाक नेहमीपेक्षा निम्मा, बर्फ, शेक. पहिला ग्लास मोरीत गेला. दुसराही. तिसऱ्याला मी स्वतः घोट घेतला आणि गिळल्यावर थांबलो. जिभेनं पुढचा घोट मागितला.

पाहुणे संध्याकाळच्या सफारीवरून आले ते अंगावर धूळ, ओठ सुकलेले, असे. परागला मी ताकीद दिली होती की लपवाछपवी नाही. त्यानं हात जोडून सांगून टाकलं की निवडणुकीमुळे आज बारला सील आहे, काकडीचं ड्रिंक मिळेल, पण त्यात जिन नसेल. एकजण खट्टू होऊन ‘मग त्यात राहिलं काय?’ म्हणाला. मी काउंटरवर आठ ग्लास मांडले आणि कामाला लागलो. शेकरचा आवाज सुरू झाला तसे ते एकेक करून मोबाईल खाली ठेवून बघायला लागले. शेठजी कोपऱ्यात खुर्चीवर होते. पहिल्यांदाच त्यांची मान काउंटरकडे वळलेली होती.

नाडकर्णी मॅडमनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मग मघाच्या त्या खट्टू गृहस्थांनीच आपला रिकामा झालेला ग्लास माझ्याकडे सरकवला. मला बाकी कौतुकाची गरजच उरली नाही. सरकवलेला रिकामा ग्लास ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी पदवी आहे, आणि त्या संध्याकाळी मला आठच्या आठ मिळाल्या.

‘हे बिनजिनचंही कार्डावर ठेवा,’ मॅडम म्हणाल्या. ‘आमच्याकडे कुटुंबं येतात, मुलं, आजीआजोबा येतात. आणि परवा सील उघडलं की जिनचं पण द्या, मी त्यासाठी एक दिवस जास्त थांबणार आहे.’

शेठजी उठले. हळूहळू काउंटरपाशी आले आणि माळेवर हात ठेवून मला विचारलं, ‘सुधाकर, खरंच काही नाई ना यात?’

‘धणे, वेलची, निंबू आणि माज्या घरची काकडी, शेठजी.’

त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला. डोळे मिटून प्यायले. अर्धा संपल्यावर डोळे उघडले आणि ग्लासाकडे असं पाहिलं, की जणू तो आताच कुठून तरी आला आहे. ‘इतके दिवस तू हे करून राहिला होता?’ ते म्हणाले. ‘मले वाटे, तू दारू वाढून राहिला.’ उरलेला ग्लास संपवला, मिशी पुसली. ‘दुकान-बिकान राहू दे. त्या बांबूवाल्याले सांगजो पराग, नाई म्हणून. आणि ह्या काउंटरले लांब कर, लोकं उभे राहून राहिले.’

मला काय वाटलं ते सांगायला मला लाज नाही. मी उगाच एक कोरडा ग्लास पुसत राहिलो. उद्या सकाळचा वाडीतला चहा माझा होता. परवाचाही.

तेवढ्यात शेठजींची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. निर्मला अजून तिथंच, चौकटीला धरून, पदर सावरत उभी होती. ‘हे कोण?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते लगबगीनं स्वतः पुढं झाले. ‘वहिनी, दारात कायले उभ्या? आज इथं दारू नाई, काही नाई. बसा ना, तुमचीच काकडी आहे.’

ती त्या उंच स्टुलाकडे बघत राहिली. नाडकर्णी मॅडमनी हात दिला, तशी अर्धी चढून, चपला खाली पडू नयेत म्हणून बोटं आवळून बसली. मी काउंटरच्या या बाजूला, ती त्या बाजूला. मी तिच्यासाठी बर्फाचा सगळ्यांत मोठा खडा निवडला. मी शेक करताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. मी गाळलं, सोडा घातला, काकडीची पट्टी ग्लासात फिरवून लावली आणि ग्लास तिच्यापुढे ठेवला. तिनं एक घोट घेतला, मग एकेका घोटानं सावकाश सगळा संपवला. इतक्या वर्षांचं माझं काम ती तिथं बसून पीत होती, आणि मी पोरगेला नवखा असल्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत होतो.

‘कडू लागते का?’ मी विचारलं.

तिनं आजूबाजूला एकदा पाहिलं, पदर खांद्यावर नीट केला, आणि रिकामा ग्लास एका बोटानं माझ्याकडे सरकवला.

‘आणखी एक द्या जी,’ म्हणाली.

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण निर्मलानं मला पहिल्यांदाच ऑर्डर दिली होती. मी कमरेत वाकलो आणि मोठ्या हॉटेलातल्या मोठ्या पाहुण्यांना म्हणायचो तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘जी मॅडम.’